शुगर आणि मशरूम: विदर्भातल्या गावांमधून नेहमी येणारे प्रश्न

पावसाळा लागला की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सात्या, म्हणजे रानातली मशरूम, बाजारात येतात. त्याच सुमारास बचतगटांच्या खोल्यांमध्ये धिंगरीच्या, म्हणजे घरी लावता येणाऱ्या ऑयस्टर मशरूमच्या, पिशव्या टांगल्या जातात. आणि मोबाईलवर ‘मशरूम खा, शुगर पळवा’ असे संदेशही याच दिवसांत फिरायला लागतात. त्यातून जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही प्रश्न ज्या बोलीत विचारले गेले, त्याच बोलीत ठेवले आहेत.

माह्या बाबाले शुगर हाये. रोज मशरूम खाऊ घातलं तर गोया बंद करता येतीन का?

नाही. या उत्तरात पण-परंतु काही नाही. मशरूमने मधुमेह बरा होतो असं आजवर कुठल्याही भरवशाच्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही.

गोळी सोडली की पहिले काही दिवस माणसाला काहीच जाणवत नाही, म्हणून ‘मशरूमने काम केलं’ असं वाटू लागतं. शुगर मात्र आतून आपलं काम करत असते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांवर तिचा मार बसतो. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला वावरात पऱ्हाटीचं खुट लागलं तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पुढे बोट किंवा पाय गमवायची वेळ येते. जेवण सुधारलं, वजन उतरलं, शुगर सतत आटोक्यात राहिली तर डॉक्टर स्वतःच गोळीची मात्रा कमी करतात. तो निर्णय त्यांच्याकडेच राहू द्या.

मग मशरूममध्ये एवढं काय आहे, की शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागलेत?

बरंच काही आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

पहिला घटक बीटा-ग्लुकन. हा मशरूमच्या पेशींच्या भिंतीतला तंतुमय पदार्थ. आपलं आतडं तो पचवू शकत नाही. त्याच्या सोबतीला कायटिन असतं, तेही तसंच चिवट. हे तंतू अन्नासोबत असले की साखर रक्तात एकदम न उतरता थोडी सावकाश उतरण्याची शक्यता असते. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू हे तंतू आंबवतात आणि त्यातून काही लहान आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायला मदत करतात. जेवणानंतर इन्सुलिन सुटायला आणि पोट भरल्यासारखं वाटायला हे संप्रेरक उपयोगी पडतं.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण जाहिरातींमध्ये तो गाळला जातो. ओट्स आणि जवाच्या बीटा-ग्लुकनवर माणसांमध्ये भरपूर काम झालं आहे. पण मशरूममधल्या बीटा-ग्लुकनची रासायनिक जोडणी वेगळी असते आणि त्याचा बराच भाग पाण्यात विरघळत नाही. म्हणून ओट्सवरचे निष्कर्ष उचलून मशरूमला चिकटवणं चूक आहे.

दुसरा मुद्दा पिष्ट फोडणाऱ्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा. भात-पोळीतल्या पिष्टाची साखर करण्याचं शेवटचं काम आतड्यात अल्फा-ग्लुकोसिडेझ हे विकर करतं. अकार्बोज नावाची मधुमेहाची गोळी याच विकराला अडवते. काही मशरूमांचे अर्कही प्रयोगशाळेत त्याला अडवताना दिसले आहेत. पण परीक्षानळीत अर्क थेट विकरावर ओतला जातो, आणि ताटातली भाजी जठरातून, पाचक रसांतून, इतर अन्नात मिसळून पुढे जाते. या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे.

तिसरा घटक एर्गोथायोनीन. हे अमिनो आम्ल आपलं शरीर तयार करत नाही, ते अन्नातूनच मिळतं आणि मशरूम हा त्याचा सर्वांत चांगला स्रोत मानला जातो. ते पेशींना ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून जपतं. मधुमेहात हा ताण वाढलेला असतो, म्हणून संशोधकांना त्यात रस आहे.

यातलं बरंचसं काम उंदरांवर झालं आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून उंदराची इन्सुलिन बनवणारी ग्रंथी आधी बिघडवतात आणि मग त्याला मशरूमचा अर्क देतात. अशा उंदरांची शुगर उतरल्याचे अहवाल पुष्कळ आहेत. ती आशेची खूण आहे, पण गावातल्या साठीच्या माणसाला झालेला मधुमेह हा वेगळ्या वाटेने आलेला असतो.

माणसांवर काही दिसलं का?

दिसलं, थोडं आणि संमिश्र.

ढाक्याच्या बर्डेम रुग्णालयात ८९ मधुमेही रुग्णांना सात दिवस धिंगरी दिली, सात दिवस बंद केली आणि पुन्हा सात दिवस दिली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. धिंगरी चालू असताना उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर उतरली, बंद केल्यावर वाढली, परत दिल्यावर परत उतरली. ऐकायला फार छान वाटतं. पण ही माणसं रुग्णालयात भरती होती, त्यांचं जेवण मोजूनमापून येत होतं आणि सगळा प्रयोग काही आठवड्यांतच आटोपला. घरी, सणावारात, लग्नसराईत वर्षभर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

श्रीलंकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धिंगरीच्या दोन जातींची वाळवलेली पूड वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम या प्रमाणात दिली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीन ग्रॅम. त्याने ग्लुकोज घेतल्यानंतर चढणारी शुगर कमी चढली. तैवानमध्ये ७२ रुग्णांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून सोबत अगॅरिकस जातीच्या मशरूमचा अर्क १२ आठवडे दिला, तेव्हा इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध थोडा घटला. गोळ्या चालू होत्या, हे विसरू नका.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत एक लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांच्या खाण्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यात मशरूम जास्त खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाला, असं दिसलं नाही. हा निष्कर्ष २०१९ मध्ये आला.

म्हणून ‘क्षमता आहे’ एवढंच आज प्रामाणिकपणे म्हणता येतं. मेटफॉर्मिनचीच गोष्ट घ्या. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. वनस्पतीतला मूळ घटक शुगर उतरवायचा, पण विषारी होता. त्याच्या जवळचं सुरक्षित रसायन घडवलं गेलं, आणि फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेही रुग्णांवर वापरल्याचे निष्कर्ष मांडले. आज तीच गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. मशरूममधल्या घटकांची ही वाट अजून चालून व्हायची आहे.

मग शुगरवाल्यानं मशरूम खावं की नाही?

जरूर खावं. माझ्या मते आपल्या भागात ज्यांना परवडतं आणि आवडतं, त्यांनी हंगामात आठवड्यातून दोन-तीन वेळा खावं. त्याचं कारण मात्र एखादा गुप्त घटक नाही. ते कारण ताटात आहे.

झाडीपट्टीतलं रोजचं जेवण डोळ्यासमोर आणा. सकाळी भात, संध्याकाळी भात, सोबत पातळ वरण आणि आलू-वांग्याची भाजी. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. एक भरलेली वाटी दीडशे ग्रॅमची धरली तर ४० ग्रॅमच्या वर जाते, आणि गडी माणूस एका वाटीवर थांबत नाही. आलूच्या शंभर ग्रॅममध्ये सतरा. ताज्या धिंगरीच्या शंभर ग्रॅममध्ये सहा, त्यातही दोनेक ग्रॅम तंतू. ऊर्जा फक्त ३३ किलोकॅलरी, कारण नव्वद टक्के पाणीच असतं.

आता पाव किलो धिंगरीची भाजी केली आणि दोघांनी मिळून ती खाताना प्रत्येकाने एक वाटी भात कमी घेतला, तर जेवणानंतरची शुगर कमी चढणारच. इथे कुठल्याही अर्काची गरज लागली नाही. पण हीच भाजी नेहमीच्या तीन वाट्या भातासोबत वरून खाल्ली, तर शुगरला काही फरक पडणार नाही. मशरूम कशाच्या जागी आलं, हा खरा प्रश्न आहे, आणि शिबिरांमध्ये तो सहसा कुणी विचारत नाही.

अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे ज्वारीची भाकर अजून टिकून आहे, तिथे हे सोपं जातं. एक भाकर, भरपूर भाजी, वाटीभर घट्ट वरण आणि जवसाची चटणी. यात काही नवं शिकायचं नाही, फक्त प्रमाण बदलायचं आहे.

मशरूममध्ये मटणाएवढं प्रोटीन असतं म्हणतात, खरं का?

नाही. तो आकडा वाळवलेल्या मशरूमचा असतो. ताज्या धिंगरीत शंभर ग्रॅममागे तीन-साडेतीन ग्रॅम प्रोटीन असतं. एका अंड्यातच सहा मिळतं. वरण, चणे, अंडी चालूच ठेवा.

सावजी मसाल्यात केलं तर चालते का जी?

मसाल्याला हरकत नाही, तर्रीला आहे. मशरूम तेल पटकन शोषून घेतं, आणि वर बोटभर तेल तरंगत असेल तर हलकी भाजी जड होऊन बसते. कांदा, लसूण, थोडी खसखस, सुक्या खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, वरून हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. चार माणसांच्या भाजीला दोन-तीन चमचे तेल पुरतं. आधी कोरड्या कढईत मोठ्या आचेवर धिंगरी परतून तिचं पाणी आटवा आणि मग मसाल्यात टाका. चव चांगली लागते आणि तेलही कमी लागतं. बेसनात बुडवून भजी केली तर शुगरच्या नावाने ती खाऊ नका.

मशरूम कच्चं खाऊ नका. कच्चं पचायला जड जातं आणि काहींना त्रास होतो.

आमच्या इकडे पावसाळ्यात सात्या, टेकोडे निघतात. ते बिनपैशाचे हायेत. ते खाल्ले तर?

वारुळावर उगवणाऱ्या सात्या आदिवासी आणि इतर गावकरी पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत, आणि त्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या घरातल्या जाणत्या बायांनी आयुष्यभर त्या वेचल्या आहेत, त्यांच्या हातच्या सात्या ही आपल्या भागाची मोठी चीज आहे.

पण ज्याला ती ओळख नाही, त्याने मोबाईलवरचा फोटो बघून रानातली छत्री तोडू नये. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, किडे खातात का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. काही विषारी जातींचं विष उकळूनही जात नाही.

सर्वांत घातक जातींची लक्षणं उशिरा येतात, सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत असतं. लवकर सुरू झालेला त्रास सौम्य असेलच असंही नाही. म्हणून रानातलं मशरूम खाल्ल्यावर पोट बिघडलं की वाट न बघता १०८ ला फोन करा आणि उरलेला तुकडा किंवा भाजी सोबत न्या. शुगर असलेल्या माणसाला उलट्या-जुलाबांत जास्त धोका असतो. जेवण पोटात ठरत नाही, पण गोळी किंवा इन्सुलिनचा परिणाम चालूच असतो.

गॅनोडर्माची कॅप्सूल, कीडाजडीची पावडर विकायला घरी माणूस येतो. घेऊ का?

माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका.

गॅनोडर्मा हे लाकडासारखं कडक मशरूम आहे, ते भाजीचं नाही, त्याचा अर्कच काढतात. त्यावर माणसांमध्ये नीट चाचण्या झाल्या आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहासोबत चयापचयाचे इतर बिघाड असलेल्या ८४ जणांपैकी काहींना १६ आठवडे गॅनोडर्मा, काहींना ते कॉर्डिसेप्ससोबत, म्हणजे कीडाजडीसोबत, तर काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली. शुगरमध्ये फरक पडला नाही. त्याआधी २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा धोका कमी करायला गॅनोडर्माचा उपयोग होतो असा पुरावा त्यांनाही मिळाला नाही.

सोयाबीन विकून आलेल्या पैशातून माणसं असे डबे घेतात, हे पाहून जीव तुटतो. तेवढ्या पैशात ग्लुकोमीटर येतो, पट्ट्या येतात, डोळ्यांची तपासणी होते.

गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मशरूम खाल्लं तर शुगर एकदम खाली जाईल का?

भाजी म्हणून खाल्लेल्या मशरूमने सहसा नाही. धोका येतो तो भात एकदम निम्म्यावर आणला आणि गोळी तीच राहिली तर. विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शेतात राबणाऱ्यांना तर जास्तच, कारण निंदण-डवरणाच्या दिवसांत कष्टानेही शुगर उतरते.

घाम फुटणं, हातपाय थरथरणं, भोवळ, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड ही शुगर उतरल्याची लक्षणं. मीटरवर ७० च्या खाली दिसलं की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि नंतर काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. जेवणात मोठा बदल करायचा ठरवलं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

मशरूमचा फायदा झाला की नाही, हे तीन महिन्यांच्या टेस्टवरून कळेल का?

बहुतेकांना कळेल. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी १२६ किंवा वर हीसुद्धा मधुमेहाची खूण आहे.

विदर्भात मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे सिकलसेल, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्याकडे अनेक समाजांत हा आजार आणि त्याचे वाहक आहेत. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि शुगर आटोक्यात आहे असा खोटा दिलासा मिळतो. वाहकांमध्येही तपासणीच्या काही पद्धती चुकीचा आकडा देऊ शकतात. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेलाही आधीच सांगा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर यांवर जास्त भर द्या. तीव्र रक्तक्षय असेल तरीही हा आकडा फसवू शकतो.

किडनीचा त्रास असेल तर? युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर?

धिंगरीच्या शंभर ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर विचारल्याशिवाय खाऊ नका. युरिक अॅसिडवाल्यांनी थोडं खावं, रोज नको.

आम्ही माळकरी. मशरूम चालतं का?

मशरूम ही ना वनस्पती ना प्राणी, ती बुरशी आहे. खायचं की नाही, हे तुमच्या मनावर आणि घरच्या रीतीवर. शुगरसाठी ते आवश्यक नाही. दोडका, कारलं, तरोटा, पालक, मेथी, शेवग्याच्या शेंगा याही ताटात हीच जागा घेऊ शकतात.

घरच्या घरी धिंगरी लावता येते का? तणस-कुटार तर आहेच.

येते, आणि स्वतः खाण्यापुरती लावणं अवघड नाही. विदर्भात पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत जमतं. मार्चनंतर पारा चढला की धिंगरी तग धरत नाही, तिला साधारण २० ते २८ अंश हवे असतात.

धानाचं तणस किंवा सोयाबीनचं कुटार रात्रभर भिजवा, मग ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा आणि निथळा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये, तळवा फक्त ओला व्हावा. पिशवीत थरावर थर देऊन मधे बियाणं पेरा, तोंड बांधा, भोकं पाडा आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंधरा-वीस दिवसांत आत पांढरी जाळी पसरते. मग पिशवी उघडून उजेड, हवा आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा द्या. काही दिवसांत पहिली तोडणी मिळते, पुढे आणखी दोन. एक किलो कोरड्या तणसातून अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी निघाली तर ठीक समजा.

काही जण गरम पाण्याऐवजी कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिन या बुरशी-जंतू मारणाऱ्या रसायनांच्या द्रावणात तणस बुडवतात. घरच्या खाण्यासाठी, त्यातही आजारी माणसासाठी, गरम पाणीच वापरा. भरपूर फवारणी झालेल्या शेताचं कुटार घेऊ नका. मशरूम ज्यावर वाढतं, त्यातलं बरंवाईट शोषून घेतं.

बियाणं आणि प्रशिक्षणासाठी आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करा. मशरूमवर संशोधन करणारी देशाची मुख्य संस्था हिमाचलातल्या सोलनला आहे.

तोडणी करताना नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. पिकलेल्या धिंगरीचे बीजाणू रोज श्वासात गेले तर काहींना खोकला, ताप, दम लागतो. पिशव्या झोपायच्या खोलीत ठेवू नका.

उरलेली धिंगरी वाळवली तर?

दहा किलोची एक किलो होते. वाळवून, पूड करून ज्वारीच्या पिठात किलोमागे पन्नास ते शंभर ग्रॅम मिसळता येते. जास्त टाकली तर भाकर थापताना तुटते. वाळवण्याआधी चिरून दुपारच्या उन्हात ठेवली तर आणखी एक फायदा होतो: मशरूममधल्या एर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व बनतं. त्याने हाडांना मदत होते. मधुमेह टाळायला ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा नक्की उपयोग होतो, असं मात्र २०१९ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं नाही.

शुगर हाये का नाही, हेच माहीत नसन तर?

मग मशरूमच्या आधी तपासणी करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. हा आजार आता शहराचा राहिलेला नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बोटाच्या एका थेंबावर तपासणी होते. आकडा जास्त आला तर पक्की तपासणी आणि गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जाताना घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही सोबत न्या, कारण आईवडिलांना शुगर असेल तर मुलांनाही ती होण्याचा धोका जास्त असतो.